पंधरा वर्षांची प्राडो द्यावी आणि नवी डिफेंडर घ्यावी का?

प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे २०१० सालची टोयोटा लँड क्रूझर प्राडो आहे, म्हणजे २००९ मध्ये आलेल्या १५० मालिकेतली, ३.० लिटर डिझेल इंजिनाची. मी ती नवी घेतली आणि आजवरचे सगळे २,८४,००० किलोमीटर स्वतः चालवले. नदीपात्रातले गोटे, पावसाने चिकट झालेले मातीचे चढ, समुद्रकाठची वाळू, अशा सगळ्या ठिकाणी ती माझ्याबरोबर होती आणि एकदाही तिने मला वाटेत अडकवून ठेवलेले नाही. त्यामुळे हा प्रश्न विचारताना मनाला थोडे लागते आहे, हे आधीच सांगतो.

गाडीची आजची स्थिती अशी आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स उत्तम आहेत. चारही शॉकअप थकले आहेत, मागच्या स्प्रिंगा बसल्या आहेत आणि पुढच्या खालच्या आर्मचे बुश (सांध्यांतली रबरे) चिरले आहेत. टायमिंग बेल्ट १,५०,००० किलोमीटरला एकदा बदलला होता, तो दुसऱ्यांदा बदलायची वेळ जवळ आली आहे. मागच्या बाजूला फ्रेमवर, म्हणजे बॉडी ज्यावर बसते त्या पोलादी सांगाड्यावर, गंज दिसतो. यात दोष गाडीचा नाही, माझा आहे. खाऱ्या वाळूतून परतल्यावर ती खालून गोड्या पाण्याने धुवायला हवी होती आणि बऱ्याच वेळा तो कंटाळा मी केला.

मागच्या महिन्यात लँड रोव्हरची नवी डिफेंडर ११० दिवसभर चालवून पाहिली. खडबडीत रस्त्यावर ती इतकी शांत आणि आटोक्यात होती की घरी येताना माझीच गाडी मला परकी वाटली. एअर सस्पेन्शनमुळे, म्हणजे स्प्रिंगांऐवजी हवेच्या फुग्यांमुळे, ती चढा-उतरायला खाली बसते, आणि माझ्या आईचे गुडघे दुखत असल्याने ही सोय मला डावलता येत नाही. दुसरीकडे, आम्ही वर्षातून पाच-सहा वेळा आठ-दहा दिवसांच्या प्रवासाला जातो, त्यातले निम्मे दिवस मोबाइलला नेटवर्क नसते, आणि बहुतेक वेळा आमची एकच गाडी असते. बरोबर पत्नी, दोन मुले आणि आई. अशा ठिकाणी इतकी संगणकावर चालणारी गाडी नेण्याचा धीर होत नाही. ज्यांनी असा बदल केला आहे, किंवा विचारपूर्वक टाळला आहे, त्यांचे मत मला हवे आहे.

प्रतिसाद १

तुमच्या प्रश्नात डिफेंडरपेक्षा महत्त्वाची गोष्ट एका वाक्यात येऊन गेली आहे, ती म्हणजे फ्रेमवरचा गंज. बाकी सगळे बदलता येते, पण फ्रेम आतून गेली असेल तर गाडी ठेवण्याचा विचार तिथेच संपतो, म्हणून आधी त्याचा निकाल लावा.

बाहेरून दिसणारा गंज दोन्ही बाजूंनी फसवतो. कधी वरवरची साल भयंकर दिसते आणि खाली पोलाद शाबूत असते. कधी रंग चकचकीत असतो आणि पोकळ फ्रेमच्या आत साचलेल्या ओल्या मातीने पत्रा कागदासारखा केलेला असतो. गाडी लिफ्टवर किंवा मजबूत स्टँडवर घ्या, केवळ जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नका, आणि गोल तोंडाच्या लहान हातोडीने फ्रेम वीतभर अंतरावर ठोकत पुढून मागे जा. निरोगी जागी हातोडी उसळते आणि आवाज खणखणीत येतो. गेलेल्या जागी ती उसळत नाही, आवाज भद्द येतो आणि आतून खपल्या गळल्याची खरखर ऐकू येते. एकदा दोन्ही आवाज शेजारी शेजारी ऐकले की नंतर चूक होत नाही. मागच्या अ‍ॅक्सलवर फ्रेम जिथे कमानीसारखी उचललेली असते तो भाग, स्प्रिंगच्या बैठका आणि मागचे लिंक आर्म जिथे जोडलेले असतात ते कंस, या जागांवर सर्वाधिक वेळ घालवा. फ्रेमच्या तळाला पाणी निघून जाण्यासाठी भोके असतात, त्यात तार घालून पाहा. तारेला ओला चिखल लागला तर ती भोके बुजलेली आहेत आणि आत पाणी मुरते आहे.

फ्रेम चांगली निघाली तर मी गाडी ठेवीन. तुम्ही केलेली तुलना मुळात सारखी नव्हती. एका बाजूला नवे सस्पेन्शन होते आणि दुसऱ्या बाजूला २,८४,००० किलोमीटर चाललेले शॉकअप, बसलेल्या स्प्रिंगा आणि चिरलेले बुश होते. तुमची गाडी नवी असताना कशी चालायची, हे तुम्ही विसरला आहात, कारण ती झीज रोज थोडी थोडी होत गेली. चारही शॉकअप, स्प्रिंगा, सगळे बुश आणि बॉडी व फ्रेम यांच्यामधल्या रबरी माउंटपैकी जे कडक झाले असतील ते बदला, अलाइनमेंट करून घ्या, आणि मग पुन्हा त्याच रस्त्यावर दोन्ही गाड्या चालवा. हा खर्च वायाही जात नाही, कारण विकायचे ठरले तरी दुरुस्त गाडी ग्राहकाला दाखवताना मान खाली घालावी लागत नाही.

प्रतिसाद २

एक गोष्ट सुचवतो. लँड क्रूझरचीच २०२३ मध्ये आलेली २५० मालिका आहे. तिच्यात लॅडर फ्रेम (शिडीसारखा वेगळा सांगाडा) आणि मागचा, दोन्ही चाकांना जोडणारा सलग अ‍ॅक्सल कायम आहे, आणि काही प्रकारांत पुढचा अँटी-रोल बार (वळणावर गाडी कलू न देणारी दांडी) बटणाने मोकळा करता येतो. पुढे-मागे दोन्हीकडे सलग अ‍ॅक्सल हवे असतील तर इनिओस ग्रेनेडियर आहे, बीएमडब्ल्यूच्या सहा सिलिंडर इंजिनांची. तुमची शंका डिफेंडरबद्दल आहे की एकूणच नव्या गाड्यांबद्दल, हे स्वतःला विचारून पाहा. शंका घडणीची असेल तर हे पर्याय आहेत. संगणकांची असेल तर ते आज सगळ्याच नव्या गाड्यांत आहेत.

प्रतिसाद ३

चार वर्षांपूर्वी मी तुमच्याच जागी होतो आणि मी बदल केला. लॅडर फ्रेमची जुनी गाडी देऊन मोनोकॉक घडणीची, म्हणजे बॉडी आणि फ्रेम एकच असलेली, एअर सस्पेन्शनची नवी गाडी घेतली. ती डिफेंडर नव्हे, पण तुम्हाला वाटणारी भीती मी प्रत्यक्ष अनुभवली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

दुसऱ्या वर्षी आम्ही एका निर्मनुष्य पठारावर मुक्कामाला होतो. सकाळी तंबूतून बाहेर आलो तर गाडीचा मागचा डावा कोपरा खाली बसलेला होता, जणू त्या बाजूला कोणी पोती रचली आहेत. डॅशबोर्डवर इशारा आला आणि गाडीने वेग मर्यादित ठेवण्याची सूचना दिली. खाली वाकून पाहिले तेव्हा चाकाची उंची मोजणाऱ्या सेन्सरची पेन्सिलीएवढी दांडी दगड लागून मोडली होती. सस्पेन्शन, कंप्रेसर, हवेच्या नळ्या, सगळे धडधाकट होते. फक्त त्या कोपऱ्याची उंची किती आहे हे गाडीला कळत नव्हते. आम्ही ताशी चाळीसच्या वेगाने १६० किलोमीटर परत आलो. मुले घाबरली होती आणि मी त्यांना धीर देत असलो तरी स्टीअरिंगवरचे माझे हात घामाने ओले होते. आता त्या दांड्यांचा एक जोड नेहमी गाडीत असतो आणि तो बसवायला मी शिकलो आहे.

तरीही मी जुन्या गाडीकडे परत जाणार नाही, आणि त्याचे कारण खडकाळ वाटांवर नाही, महामार्गावर आहे. आपण आपल्या प्रवासांचा हिशेब मांडला तर दहातले आठ-नऊ किलोमीटर डांबरी रस्त्यावरचे निघतात, आणि जिवाचा खरा धोका तिथेच असतो. एकदा पहाटे माझ्यापुढच्या ट्रकने अचानक ब्रेक मारला आणि माझा पाय पेडलवर पोहोचण्यापूर्वी गाडीने स्वतः ब्रेक लावायला सुरुवात केली होती. मागच्या सीटवर दोन्ही मुले झोपलेली होती. त्या दिवसानंतर आपोआप लागणाऱ्या ब्रेककडे मी चैन म्हणून पाहत नाही. डिफेंडरला २०२० मध्ये युरो एनकॅपच्या (युरोपातल्या गाड्यांच्या सुरक्षिततेच्या) चाचणीत पाच तारे मिळाले आहेत, आणि या चाचण्या दर काही वर्षांनी कडक होत जातात; त्यामुळे जुन्या गाडीचे पाच तारे आणि नव्या गाडीचे पाच तारे एकाच मापाने मोजलेले नसतात.

मोनोकॉक नाजूक असतो, हा समजही तपासून घ्यावा. डिफेंडरची अ‍ॅल्युमिनियमची बॉडी मुळातच खडबडीत वापरासाठी घडवली आहे आणि ती ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढते. तिला ९०० मिलिमीटर खोल पाण्यातून जायची मुभा आहे, तर तुमच्या गाडीला ७०० मिलिमीटर. ऑफ-रोड उंचीवर तिचा ग्राउंड क्लिअरन्स (जमीन आणि गाडीचे पोट यांतले अंतर) २९१ मिलिमीटर होतो. हे आकडे दुर्लक्षण्यासारखे नाहीत. मात्र जड धडकेनंतर फ्रेम ओढून किंवा वेल्डिंग करून सरळ करता येते तसे अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडीचे करता येत नाही. त्याला वेगळी साधने आणि वेगळे प्रशिक्षण लागते, हे मान्य केले पाहिजे.

प्रतिसाद ४

मी वर्कशॉप चालवतो आणि माझ्याकडे दोन्ही प्रकारच्या गाड्या येतात. गाडी ठेवण्याचे आणि बदलण्याचे, वरील दोन्ही मते मला पटतात, पण काही गोष्टी सुटल्या आहेत.

पहिली गोष्ट टायरची, कारण वाटेत गाडी थांबते ती बहुतेक वेळा संगणकामुळे नव्हे, टायरची कड (रिमपासून जमिनीपर्यंतचा बाजूचा भाग) फाटल्यामुळे. टायरच्या मापात पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी आणि दुसरा त्या रुंदीच्या टक्क्यांत कडेची उंची सांगतो. प्राडोचा २६५/६५ आर १७ टायर घेतला तर त्याच्या कडेची उंची सुमारे १७२ मिलिमीटर भरते. डिफेंडरचा १८ इंची रिमवरचा टायर २५५/७० मापाचा असतो आणि त्याची कड सुमारे १७८ मिलिमीटर, म्हणजे तुमच्यापेक्षा थोडी जास्तच. पण त्याच गाडीला २० इंची रिम घेतली तर २५५/६० टायरची कड १५३ मिलिमीटरवर येते, आणि २२ इंची रिमवर २७५/४५ टायरची जेमतेम १२४. वाळूत आपण हवा ३५ वरून १८ पीएसआयपर्यंत उतरवतो तेव्हा टायर जमिनीवर लांब पसरतो आणि गाडी तरंगल्यासारखी चालते. कडच बुटकी असेल तर पसरायला टायरमध्ये काही उरत नाही, आणि दगड थेट रिमला लागतो. त्यामुळे तुम्ही दिवसभर चालवलेल्या गाडीला कोणती रिम होती, ते आठवून पाहा. डिफेंडर घ्यायचीच झाली तर १८ इंची रिम बसणारा प्रकार निवडा आणि ती बसते का हे करार करण्यापूर्वी लेखी घ्या, कारण इंजिन आणि ब्रेकच्या मापानुसार प्रत्येक प्रकाराला ती बसेलच असे नाही.

दुसरी गोष्ट डिझेलची. नव्या डिझेल इंजिनांना काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जाळून टाकायला एक्झॉस्ट सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापावा लागतो. लो रेंजमध्ये (अवघड वाटांसाठीच्या संथ, ताकदीच्या गिअरमध्ये) दिवस दिवस रांगत चालले की एक्झॉस्ट तितका तापत नाही आणि फिल्टर भरत जातो. त्यावर उपाय सोपा आहे, अधूनमधून गाडी मोकळ्या रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटे सलग पळवायची. पण तुमच्या आठ-दहा दिवसांच्या प्रवासात तसा रस्ता मिळतो का, ते पाहा. या इंजिनांना कमी गंधकाचे डिझेल लागते, आणि एक्झॉस्टसाठीचे युरियाचे द्रावण संपले तर बंद केलेले इंजिन पुन्हा सुरू होत नाही, म्हणून त्याचा कॅन बरोबर असलाच पाहिजे.

संगणकाच्या भीतीबद्दल एवढेच सांगतो की तुमची प्राडोही संगणकाशिवाय चालत नाही. इंधन फवारणारे कॉमन रेल इंजेक्शन, ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारे एबीएस, घसरणारे चाक रोखणारे ट्रॅक्शन कंट्रोल हे सगळे तिच्यात आहे. फरक इतका आहे की तिच्यात एक सेन्सर गेला तर बहुधा एकच गोष्ट बंद पडते, तर नव्या गाडीत अनेक यंत्रणा एकमेकींशी बोलत असतात आणि एकीने मौन धरले की दुसऱ्याही सावध होऊन मागे सरतात. अशा वेळी पुष्कळदा बिघाड किरकोळ असतो. बॅटरीचा व्होल्टेज पडला तरी पडद्यावर इशाऱ्यांची रांग लागते. म्हणून नवी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला मी त्या गाडीचे बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर घ्यायला आणि वापरायला शिकायला सांगतो.

राहिला चाकांच्या हालचालीचा मुद्दा. सलग अ‍ॅक्सलमध्ये एक चाक दगडावर चढले की दुसरे खाली दाबले जाते आणि अ‍ॅक्सलखालची जागा तेवढीच राहते. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये चाक वर जाते तेव्हा गाडीचे पोट जमिनीजवळ येते, आणि कोपऱ्यातले एखादे चाक लवकर हवेत उचलले जाते. डिफेंडर ही उणीव ट्रॅक्शन कंट्रोल आणि मागच्या लॉकिंग डिफरन्शियलने (दोन्ही चाके एकाच गतीने फिरवणाऱ्या लॉकरने) भरून काढते, फार चांगली भरून काढते, पण ते लॉकर सगळ्या गाड्यांना आपोआप मिळत नाही. ते वेगळे सांगून घ्या.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवडे लागले, कारण पहिल्या प्रतिसादात सांगितल्याप्रमाणे मी सगळे क्रमाने केले.

फ्रेम ठोकून पाहिली. पुढून मध्यापर्यंत आवाज स्वच्छ होता. मागे डाव्या बाजूला, अ‍ॅक्सलच्या कमानीवर, तळहाताएवढ्या जागेत तो अचानक बदलला. हातोडी उसळलीच नाही, आणि तपकिरी खपल्या माझ्या मनगटावर पडल्या. पंधरा वर्षांची सोबत त्या एका आवाजावर तोललेली होती आणि पुढचा ठोका घालायला माझा हात धजावत नव्हता. उरलेली उजवी बाजू आणि सगळे कंस मात्र मजबूत निघाले. तेवढा भाग कापून तितक्याच जाडीची पोलादी पट्टी वेल्ड करून घेतली. त्याआधी बॅटरी सोडवली आणि जवळची इंधनाची नळी व एबीएसची वायर बाजूला घेतली. पाणी निघून जायची पाचही भोके माती भरून बंद झालेली होती. त्यानंतर शॉकअप, स्प्रिंगा, बुश, टायमिंग बेल्ट आणि मागचे दोन बॉडी माउंट बदलले.

मग पुन्हा एक दिवस डिफेंडर मागून घेतली आणि त्याच रस्त्यावर दोन्ही चालवल्या. खडबडीत भागावरचा फरक निम्म्याहून कमी झाला. पहिल्या वेळी मला जे नव्या गाडीचे कौशल्य वाटले होते, त्यातले बरेचसे माझ्या गाडीच्या थकव्याचे माप होते. महामार्गावर मात्र फरक तसाच राहिला. तिची शांतता, बसण्याची सोय, ब्रेकची खात्री, हे सगळे वरचढ आहे आणि तिसऱ्या प्रतिसादातला ट्रकचा प्रसंग माझ्या मनातून जात नाही.

या मुद्द्यावर घरी बराच वेळ बोललो. माझ्या पत्नीने विचारले की आपण घाईने, अंधारात, सलग दहा-बारा तास गाडी का चालवतो. मुक्कामाला एक दिवस आधी निघालो तर काय बिघडेल? मला उत्तर देता आले नाही. तेव्हा असे ठरवले आहे की प्राडो ठेवायची, आणि अंधार पडल्यावर महामार्गावर गाडी चालवायची नाही. त्यामुळे ती नव्या गाडीइतकी सुरक्षित होत नाही, याची मला जाणीव आहे. पण जिथे मदतीला कोणी नसते तिथे मला तिचा प्रत्येक आवाज ओळखता येतो, आणि आमच्या पाच जणांसाठी आज मला ते अधिक मोलाचे वाटते. आईसाठी घडीचे मजबूत स्टूल घेतले आहे, कारण पक्की पायरी बसवली तर ती खडकांना घासली असती. मुले मोठी होऊन गाडी शिकायच्या वयाची होतील तेव्हा हा विचार पुन्हा करीन, आणि त्या वेळी १८ इंची रिम व मागच्या लॉकरची गोष्ट विसरणार नाही.

एक शंका उरली आहे. फ्रेमच्या आतल्या बाजूला पुन्हा गंज धरू नये म्हणून काय करावे? बाहेरून काळा जाड लेप देण्याचा सल्ला मला दोघांनी दिला आहे.

प्रतिसाद १

तो जाड डांबरी लेप देऊ नका. काही वर्षांनी त्याला बारीक भेग पडते, तिच्यातून पाणी आत जाते आणि लेपाखाली दिसेनासे राहून पोलाद खात बसते. फ्रेम आधी आतून पाण्याच्या झोताने धुवा, तळाच्या भोकांतून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा, आणि उन्हात दोन-तीन दिवस पूर्ण वाळू द्या. नंतर पोकळ भागांसाठी मिळणारे पातळ मेण घ्या. लांब नळीच्या टोकाला सगळ्या बाजूंनी फवारणारे तोंड असते. ती नळी आत शेवटपर्यंत सरकवून हळूहळू मागे ओढत फवारा. वेल्ड केलेल्या पट्टीच्या आतल्या बाजूला दोनदा फवारा, कारण तिथला मूळ लेप वेल्डिंगच्या आचेने जळालेला असतो. तळाच्या भोकांतून मेणाचे थेंब पडू लागले की पुरेसे झाले समजा. ते सुकल्यावर तारेने भोके पुन्हा मोकळी करा, म्हणजे मेणानेच ती बुजणार नाहीत. वाळूच्या पुढच्या प्रवासापूर्वी हे उरकून घ्या.